गावाच्या नावातला काना

देवीची घोरनिद्रा सुरू होऊन चार दिवस झाले होते. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात आणि घटस्थापनेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते. तुळजापुरात हे मधले दिवस वरून शांत दिसतात, पण घराघरांत घाई असते. मांडवांचे वासे रस्त्याकडेला येऊन पडलेले असतात, आणि दुकानांच्या मागच्या खोल्यांत बायका कवड्या ओवत बसलेल्या असतात. माझ्या बहिणीचं दुकान महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर आहे. माळा, परड्या, हळदीकुंकू, पोत. गल्ल्यावर भाची बसली होती. पुढ्यात लॅपटॉप, शेजारी कवड्यांचं सूप. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"मामा, हे बघा जरा. दोन दिवस झाले, काय चुकतंय तेच कळंना."

तिनं तुळजापूर तालुक्यातल्या गावांची नोंद तयार केली होती. गावाचा आठवडी बाजार कधी, जत्रा कोणत्या तिथीला, एसटी किती वाजता, एवढीच माहिती. प्रत्येक गावाला एक पान. मजकूर नीट होता, मथळे नीट होते. बिघडला होता तो पानाचा पत्ता, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा. तिथे लिहिलं होतं: तळजपर.

खाली यादीच होती. नळदुर्गचं नळदरग झालं होतं, अणदूरचं अणदर, मंगरूळचं मगरळ, काक्रंब्याचं ककरब. देवीच्या पानाचा पत्ता होता 'तळजभवन'. भवानीची वेलांटी आणि काना गेले की 'भवन' उरतं. तिच्या यादीत एकच गाव जसंच्या तसं होतं, इटकळ, कारण त्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांतलं काहीच नाही. 'आई' हा शब्दही शाबूत राहिला होता, कारण त्यात दोन्ही स्वर पूर्ण अक्षरं आहेत.

मी पंचवीस वर्षं संगणकाच्या कामात आहे आणि त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्यात गेली. तरी आपल्या गावाचं नाव असं दात पडल्यासारखं पाहिलं आणि मी गल्ल्यापाशीच स्टूल ओढून बसलो. त्या संध्याकाळी आम्ही जे शोधत गेलो, त्यातून हा लेख झाला. मुक्त स्रोताचा कोड आणि त्याची माहितीपानं कोण सांभाळतं, कशी सांभाळतं आणि त्यात आपण कुठे आहोत, हे मला या एका गळलेल्या कान्यातून जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी कधी दिसलं नव्हतं.

तिनं ही नोंद 'जँगो' वापरून बनवली होती. जँगो हे वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, पायथन भाषेतलं. घर बांधताना चौकट, जिना, नळजोडणी दर वेळी नव्यानं शोधून काढावी लागत नाही. तसं वेबसाइटला लागणारं नेहमीचं काम फ्रेमवर्कमध्ये तयार असतं. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे तिथे २००३ साली काम करत होते. बातमी आली की त्याच दिवशी पान उभं राहायला हवं, या निकडीतून त्यांनी स्वतःची हत्यारं बनवली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

वर्तमानपत्राचा तो वास जँगोत अजून आहे. पानाच्या पत्त्यातल्या शेवटच्या तुकड्याला 'स्लग' म्हणतात. हा शब्द छापखान्यातला. बातमी छपाईच्या वाटेवर असताना तिला ओळखायला दिलेलं छोटं नाव म्हणजे स्लग. आणि त्याआधी लायनोटाइप यंत्रातून ओतून निघणारी शिशाची अख्खी ओळ म्हणजे स्लग. आपल्याकडे खिळे जुळवायचे त्या काळी देवनागरीचं दुखणं हेच होतं. डिग्री पद्धतीच्या खिळ्यांत मात्रा, वेलांट्या, उकार अक्षराच्या वर आणि खाली वेगळे बसवावे लागत, आणि जुळणी करणाऱ्याची अर्धी मेहनत त्या चिमुकल्या तुकड्यांवर जाई. शिशाचं युग संपलं, पण मात्रेचं वेगळेपण संपलं नाही.

ते कसं, हे एका नावावर दाखवतो. 'तुळजापूर' हे आपण पाच अक्षरी वाचतो. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ती आठ चिन्हं आहेत: त, मग पहिला उकार, ळ, ज, मग काना, प, मग दुसरा उकार, र. युनिकोडनं प्रत्येक चिन्हाला एक जात दिलेली आहे. त, ळ, ज, प, र ही 'अक्षर' या जातीत येतात. उकार, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्ताचा पाय ही सगळी 'चिन्ह' या वेगळ्या जातीत, म्हणजे अक्षराला चिकटून येणारी. जँगोमध्ये मथळ्यापासून स्लग बनवणारं एक छोटं फंक्शन आहे, 'स्लगिफाय'. त्याचा नियम असा की अक्षरं, अंक, अधोरेषा, जोडरेघ आणि मोकळी जागा एवढंच ठेवायचं, बाकी काढून टाकायचं. अक्षर कशाला म्हणायचं हे ते स्वतः ठरवत नाही, पायथनला विचारतं. पायथनच्या शोधनियमांत 'शब्दातलं चिन्ह' दाखवणारी एक खूण आहे, उलटी तिरपी रेघ आणि पुढे डब्ल्यू. या खुणेत अक्षर आणि अंक येतात. चिकटून येणारी चिन्हं येत नाहीत. आठातली तीन गळतात. उरतं तळजपर.

माळ, मूळ, मेळा, मळा, मोळी: या पाच शब्दांचा पत्ता एकच होतो, 'मळ'. दोन पानांचा पत्ता एक झाला की दुसरं पान एकतर साठवलंच जात नाही, नाहीतर पहिल्याच्या जागी उघडतं.

भाचीनं काही आळस केला नव्हता. तिनं आधी हे फंक्शन साधेपणानं वापरलं, तेव्हा पत्ता रिकामाच आला, कारण नेहमीच्या वापरात ते रोमनखेरीज सगळंच गाळतं. मग तिनं डॉक्युमेंटेशन उघडलं. तिथे तिला युनिकोड चालू करायचा पर्याय सापडला. हा पर्याय डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या जँगो १.९ पासून आहे. शेजारी उदाहरण होतं, चिनी लिपीतलं. चिनी शब्द जसाच्या तसा राहिलेला दिसत होता. चिनी राहतं तर मराठी राहील, असं तिनं धरलं, आणि कोणीही हेच धरलं असतं. पण चिनी लिपीत काना नाही, वेलांटी नाही. प्रत्येक खूण हे पूर्ण अक्षर आहे. त्या पानावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिथे फक्त देवनागरीत लिहिणारं कुणी येऊन गेलेलं नव्हतं.

मुक्त स्रोताच्या डॉक्युमेंटेशनबद्दल लोक दोनच तक्रारी करतात: अपुरं आहे किंवा जुनं झालं आहे. तिसरी गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. डॉक्युमेंटेशन तितकंच खरं असतं जितक्या लोकांनी ते आपल्या लिपीत, आपल्या यंत्रावर, आपल्या कामासाठी वापरून पाहिलेलं असतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी त्यातली बरोबर वाक्यंही वाट चुकवतात.

ही पायथनची गोष्ट कुणाच्या नजरेस आलीच नव्हती असं नाही. एप्रिल २००७ मध्ये पायथनच्या दोषनोंदीत एकानं लिहिलं की देवनागरी मजकुरातून शब्द वेगळे काढायला गेलं की ही खूण शब्दांचे तुकडे करते. खुद्द युनिकोडची शिफारस अशी आहे की शब्दात चिकटणारी चिन्हं धरावीत. मॅथ्यू बार्नेट यांनी 'रेजेक्स' नावाचं वेगळं पॅकेज लिहिलं, त्यात हे नीट चालतं. मूळ पायथनमध्ये मात्र खुणेचा अर्थ तोच राहिला.

पण एक गोष्ट बदलली, आणि ती मला फार मोलाची वाटते. बरीच वर्षं पायथनच्या माहितीपानावर या खुणेपुढे लिहिलेलं होतं, की कोणत्याही भाषेतल्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक चिन्हं हिच्यात धरली जातात. मराठी माणसाच्या दृष्टीनं हे विधान चुकीचं होतं. पुढे कुणीतरी ते वाक्य काढलं आणि लिहिलं की युनिकोडनुसार अक्षर किंवा अंक ठरणारी चिन्हं आणि अधोरेषा एवढंच हिच्यात येतं. सोबत, अक्षर-अंक ठरवणारं पायथनचं कोणतं फंक्शन यामागे आहे त्याचं नावही दिलं. कोड होता तसाच राहिला. वाक्य खरं झालं. हा बदल कुठल्या बातमीत आला नसेल, पण त्यानंतर ते पान वाचणारा मराठी, हिंदी, तमिळ, थाई माणूस दोन दिवस वाया घालवणार नाही. तिथल्या तिथे सावध होईल.

कोडच का दुरुस्त करत नाहीत, असा प्रश्न भाचीनंही विचारला. मी तिला तिच्या वडिलांच्या मोटरसायकलची पाटी दाखवली. एमएच २५. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाची अंतिम अधिसूचना निघाली. पण पंचवीस हा क्रमांक तोच राहिला. तो बदलला असता तर जिल्ह्यातली एकूण एक गाडी, तिचा विमा, तिची कागदपत्रं, सगळं एका दिवसात अडलं असतं. ज्यांच्या दाखल्यावर जुनं नाव आहे त्यांचे दाखले रद्द होत नाहीत. जुनं आणि नवं बराच काळ शेजारी शेजारी चालतं. फ्रेमवर्कमध्येही तसंच आहे. उद्या स्लगिफायनं काना ठेवायला सुरुवात केली, तर जगभरातल्या ज्या साइटींनी आजवर कान्याशिवायचे पत्ते साठवून ठेवलेत त्यांचं काय? एकाच मथळ्याचा जुना पत्ता वेगळा आणि नवा वेगळा होईल, दुवे तुटतील. आणि पायथनमधली ती खूण तर पासवर्ड तपासण्यापासून हिशेबाच्या फायली वाचण्यापर्यंत कुठे कुठे वापरलेली आहे याची गणतीच नाही.

म्हणून जँगोत बदलाची एक शिस्त आहे. साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. एखादी सोय काढायची तर आधी ती 'जाणार आहे' असं जाहीर करायचं, वापरणाऱ्याच्या पडद्यावर इशारा दाखवायचा, पुढच्या दोन मुख्य आवृत्त्या जाईपर्यंत थांबायचं आणि मगच काढायची. ठरावीक काळानं एक दीर्घ आधाराची आवृत्ती येते, तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. बाहेरून बघणाऱ्याला हा संथपणा वाटतो. ज्यानं एकदा तरी दुसऱ्याची चालती साइट मोडलेली पाहिली आहे त्याला यात काळजी दिसते.

आता हे सांभाळणारे कोण? बहुतेक जण नोकरी करून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हे करतात. जँगोचं नशीब असं की २००८ मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं आणि २०१४ पासून देणगीतून काही जणांना पगार देऊन 'फेलो' म्हणून नेमायला सुरुवात झाली. टिम ग्रॅहम, कार्लटन गिब्सन, मारियुश फेलिसियाक, नतालिया बिदार्त, सारा बॉइस ही त्यांतली काही नावं. फेलो काय करतात? नवी, डोळे दिपवणारी सोय लिहिणं हे त्यांचं मुख्य काम नाहीच. आलेली दोषनोंद वाचायची, खरी आहे का पडताळायची, आधीच कुणी नोंदवली आहे का शोधायचं, कुणी दुरुस्ती पाठवली असेल तर ओळ न् ओळ तपासायची, सुरक्षेची गळती गुप्तपणे बुजवायची, आवृत्ती बाहेर काढायची. आणि पुष्कळदा 'नाही' म्हणायचं, कारण सांगून. मी हे काम फार लहान प्रमाणावर केलं आहे आणि छातीठोकपणे सांगतो, कोड लिहिण्यापेक्षा परक्या माणसाला समजेल आणि दुखावणार नाही असं 'नाही' लिहिणं कठीण असतं.

दुरुस्ती पाठवणाऱ्याला जँगोत तीन गोष्टी लागतात: कोड, तो कोड चालतो हे सिद्ध करणारी चाचणी, आणि डॉक्युमेंटेशन. तिसरी नसेल तर नोंदीवर तशी खूण पडते आणि काम पुढे सरकत नाही. डॉक्युमेंटेशन कोडच्याच फायलींशेजारी राहतं, कोडसारखंच तपासलं जातं, शब्दलेखनाचीही चाचणी असते. लिहिण्याचे नियम आहेत. त्यातला एक नियम मी भाचीला मुद्दाम वाचून दाखवला: काम अवघड नाही असं भासवणारे शब्द टाळा. 'सोपं आहे', 'फक्त', 'नुसतं', 'सरळ' अशा अर्थाचे. कारण ज्याला ते जमत नाही तो हे वाचून स्वतःलाच कमी समजतो. तिनं मान वर केली. "मग मला दोन दिवस तेच वाटत होतं," ती म्हणाली.

आपल्या राज्यातही एक फ्रेमवर्क जन्मलं आणि वाढलं, आणि त्याची आठवण मराठी वाचकाला करून द्यायला हवी. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी हिशेब, साठा, ऑर्डरी एकत्र ठेवणारी प्रणाली लिहायला घेतली. २००८ मध्ये मुंबईत कंपनी सुरू झाली. त्या कामातून दोन गोष्टी निघाल्या: धंद्यासाठीची 'ईआरपीनेक्स्ट' आणि तिच्या पायाला असलेलं 'फ्रापे फ्रेमवर्क'. दोन्ही खुल्या परवान्यावर. फ्रापेचा गाभा 'डॉकटाइप' या कल्पनेत आहे. तुम्ही एका कागदी नमुन्याचं वर्णन करा, कोणते रकाने, कोणता सक्तीचा, कोण पाहू शकतो. त्यावरून तक्ता, अर्ज, यादी, परवानग्या फ्रेमवर्क बांधून देतं. कारकुनी कामाची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही कल्पना पटकन उमगते, कारण तो आयुष्यभर नमुनेच भरत आला आहे.

मला फ्रापेच्या घरातली एक व्यवस्था फार आवडते. ईआरपीनेक्स्टला कुणी नवी सोय पाठवली की एक स्वयंचलित तपासणी चालते. पाठवणाऱ्यानं सोबत डॉक्युमेंटेशनचा दुवा दिला आहे का? नसेल तर तपासणी लाल. डॉक्युमेंटेशनची खरंच गरज नसेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे विसरलो म्हणायची सोय नाही.

आणि त्या गळक्या कान्याचं? पानाच्या मथळ्यावरून पत्ता बनवायचं काम फ्रापेलाही करावं लागतं. त्यांच्या तुकड्याची रचना उलट आहे. जँगो म्हणतं, एवढंच ठेवा. फ्रापे म्हणतं, एवढं काढा: उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, कंस, टक्का, अवतरण. काढायच्या यादीत काना नाही, म्हणून काना राहतो. ही रचना देवनागरीचा विचार करून केली का, यात मी शिरत नाही. पण यादी कोणत्या बाजूनं लिहायची, एवढ्याशा निवडीवर एका लिपीचं नशीब ठरतं, हे तुळजापूर आणि तळजपर शेजारी ठेवून पाहिल्यावर कळतं. जँगोची बाजूही समजून घ्यायला हवी: 'एवढंच ठेवा' हा नियम सुरक्षेसाठी चांगला, कारण अनोळखी चिन्ह आत येत नाही. दोन्ही बाजूंना कारण आहे, म्हणूनच ते कारण माहितीपानावर लिहिलेलं असावं.

आता एक दुखरी गोष्ट. ती आपल्याकडच्या मुलांबद्दल आहे.

'एक्सप्रेस' हे जावास्क्रिप्टमधलं फ्रेमवर्क २०१० पासून आहे आणि जगातल्या असंख्य साइटी त्यावर चालतात. त्याची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि पाचवी पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं. मधल्या काळात सांभाळणारी माणसं बदलली, थकली, थोडी उरली. अशा घरात २०२४ च्या सुरुवातीला काय झालं, तर भारतातल्या एका लोकप्रिय शिकवणीच्या व्हिडिओत, बदल कसा पाठवायचा हे दाखवताना एक्सप्रेसचं नाव उदाहरण म्हणून आलं. बघणाऱ्या मुलांनी तेच जसंच्या तसं केलं. प्रकल्पाच्या पहिल्याच माहितीपानात, रीडमीत, आपलं नाव लिहायचं आणि 'बदल स्वीकारा' म्हणून पाठवायचं. एक नाही, दोन नाही, लोंढा. प्रत्येक विनंती कुणीतरी उघडून, वाचून, बंद करायची. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्येही, चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळतो अशा एका उपक्रमात, माहितीपानांवर निरर्थक विशेषणं चिकटवायची लाट आली होती. त्याही वेळी आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले.

मुलांवर रागवायला मला जमत नाही. मी त्यांच्यासारख्याच गावातून आलो. त्यांना सांगितलेलं असतं की मुक्त स्रोतात योगदान दाखवलं की नोकरी मिळते. योगदान म्हणजे काय हे कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं. तुळजापुरात देवीच्या संस्थानचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८०च्या दशकापासून आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर धरलं तर दर वर्षी कितीतरी मुलं संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्याजवळ एक अशी गोष्ट आहे जी कॅन्ससमधल्या किंवा वॉर्सातल्या माणसाजवळ नाही. त्यांना 'नळदरग' दिसला की क्षणात कळतं, काहीतरी मोडलं आहे. हे कळणं हेच योगदानाचं पहिलं पाऊल आहे. कोणत्या आवृत्तीत मोडलं, काय दिलं, काय आलं, काय यायला हवं होतं, हे चार ओळींत लिहिलं की ती दोषनोंद होते. त्याला टी-शर्ट लागत नाही.

जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. 'हे क्षेत्र आवश्यक आहे' अशा छोट्या सूचना मराठीत दिसू शकतात, कारण कुणीतरी बसून त्या एकेक भाषांतरित केल्या. पण डॉक्युमेंटेशन फ्रेंच, जपानी, कोरियन, इंडोनेशियन, ग्रीक अशा भाषांत गेलं, मराठीत नाही. सगळं मराठीत आणावं असा माझा हट्ट नाही. मूळ इंग्रजी पान दर आठ महिन्यांनी बदलतं. सांभाळ करायला माणूस नसेल तर मराठी पान वर्षभरात शिळं होईल, आणि शिळं माहितीपान नसलेल्या पानापेक्षा वाईट. एकदा भाषांतर करून मोकळं होता येत नाही. मंचकी निद्रेच्या आधी देवीच्या गादीसाठी कापूस पिंजतात तो दर वर्षी नव्यानं; पलंगही दर वर्षी नवा, घोडेगावला तयार होऊन मुक्काम करत करत तुळजापुरी येतो. मागच्या वर्षीचा आहे की, असं कुणी म्हणत नाही. कुणाकडे काय काम, कधी निघायचं, कुठे थांबायचं हे घराण्यांतून ठरलेलं आहे. भाषांतराला तसं ठरलेलं घर मिळालं तरच हात घालावा.

त्यापेक्षा छोटी आणि माझ्या मते जास्त निकडीची गोष्ट म्हणजे आपल्या लिपीची चाचणी. ती आम्ही त्याच रात्री लिहिली.

दुकान बंद व्हायला आलं होतं. भाचीनं स्वतःचं वेगळं फंक्शन लिहिलं, दहा-बारा ओळींचं. प्रत्येक चिन्हाची युनिकोड जात विचारायची. अक्षर, अंक किंवा चिकटणारं चिन्ह असेल तर ठेवायचं, नाहीतर जोडरेघ. मग दिसलं की एवढ्यानं भागत नाही. जँगोत स्लग तपासणारा वेगळा पहारेकरी आहे, तोही तीच जुनी खूण वापरतो, आणि काना असलेला पत्ता 'अवैध' म्हणून परत पाठवतो. पत्ता ओळखून पान उघडणारा तिसरा भाग तर फक्त रोमन अक्षरंच ओळखतो. तिन्ही ठिकाणी पर्याय द्यावा लागला. मग 'ॲ' आला. तो मराठीत दोन प्रकारे टंकता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा अ आणि वर अर्धचंद्र अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला सारखाच, संगणकाला वेगळा. युनिकोडचं प्रमाणीकरणही हे दोन एक करत नाही. 'ॲप' शोधणाऱ्याला 'अॅप' सापडत नाही. तेही हातानं जुळवलं.

चाचणीसाठी नावं हवी होती. बहिणीनं माळ ओवता ओवता सांगायला सुरुवात केली. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर, जळकोट, काटी, काटगाव, सावरगाव, तामलवाडी, मंगरूळ, सिंदफळ, आपसिंगा, काक्रंबा, सलगरा. "इटकळ घाल," भाची म्हणाली, "ते आधीपासून बरोबर आहे, ते बिघडता कामा नये." चाचणी चालवली. सगळ्या ओळी हिरव्या.

त्यानंतरचा तास माहितीपानावर गेला. पान मराठीतच लिहायचं असं तिनं ठरवलं होतं, कारण पुढच्या वर्षी ही नोंद कॉलेजातली दुसरी मुलं चालवणार. मी हात लावला नाही. ती लिहीत होती आणि मध्येच मोठ्यानं वाचत होती. "नवीन गाव जोडायचं असल्यास नुसतं गावांच्या फायलीत नाव टाका."

तिचे वडील शटर अर्धं खाली ओढून आत आले होते. संगणकाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी विचारलं, "नुसतं म्हणतीस, पण ती फाइल असती कुठं?"

भाचीनं कर्सर मागे नेला, 'नुसतं' खोडलं, आणि फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते लिहायला लागली.